लेक मीड फक्त फोटोपुरतं नको!

तुमचा दादा, ताई किंवा कॉलेजमधला एखादा सीनियर अमेरिकेत एमएस करत असेल, तर त्याच्या किंवा तिच्या स्टोरीवर लास वेगास एकदा तरी येऊन गेलंच असेल. ॲरिझोना असो की कॅलिफोर्निया, लाँग वीकेंडचा प्लॅन जवळपास ठरलेला असतो. एक रात्र वेगासची, एक दिवस ग्रँड कॅन्यनचा आणि मध्ये वाटेत हूवर धरण. धरणावर गाडी थांबते. भिंतीवर उभं राहून फोटो निघतात. ‘आपलं कोयनाच भारी’ असं कुणीतरी म्हणतं. वीस मिनिटांत सगळे परत गाडीत.

वर्षा-दोन वर्षांत असाच प्लॅन तुमच्याही ग्रुपवर पडेल. तेव्हा एवढं करा, त्या वीस मिनिटांचा एक अख्खा दिवस करा. धरणाच्या मागे पसरलेल्या लेक मीडवर जा. बोट घ्या, गळ टाका, हिवाळा असेल तर तंबू ठोकून एक रात्र राहा. आणि हे सगळं तिथले नियम नीट पाळून करा. ‘मजा करा’ आणि ‘नियम पाळा’ हे एकाच दमात सांगितलं की लेक्चर वाटतं, मला माहितीये. पण या जागेची मजा आणि या जागेचे नियम एकाच गोष्टीतून आलेत. ती गोष्ट म्हणजे वाळवंटात साठवलेलं पाणी.

लेक मीडला तळं म्हणतात, पण आपल्या भाषेत सांगायचं तर तो धरणाचा फुगवटा आहे. नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर, कोलोराडो नदीच्या खोल दरीत हूवर धरण बांधलं गेलं. १९३१ मध्ये काम सुरू झालं आणि १९३५ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते लोकार्पण झालं. भिंतीची उंची ७२६ फूट. मागे साठलेला जलाशय क्षमतेच्या हिशेबाने अमेरिकेतला सर्वांत मोठा. टीएमसीमध्ये मोजायचं तर पूर्ण भरल्यावर अकराशेच्या वर. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे दहा कोयना एका जागी ठेवल्यासारखं. आणि हे कुठे? तर मोहावी वाळवंटात. शेजारच्या वेगासमध्ये वर्षभरात सरासरी चार इंच पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एखाद्या दुपारीच तेवढा पडून जातो.

या पाण्याभोवतीचा सुमारे सहा हजार चौरस किलोमीटरचा परिसर ‘नॅशनल रिक्रिएशन एरिया’ आहे. १९६४ मध्ये हा दर्जा मिळालेलं हे अमेरिकेतलं पहिलं ठिकाण. म्हणजे बोटिंग, मासेमारी, पोहणं, कॅम्पिंग हे तिथे चोरून करायचे उद्योग नाहीत, त्यासाठीच ती जागा राखलेली आहे. वेगासहून गाडीने तासाभराच्या आत तुम्ही तिथे पोहोचता. प्रवेशशुल्क माणशी नसून गाडीमागे असतं आणि ते सात दिवस चालतं. पाच जणांच्या ग्रुपला याहून स्वस्त ट्रिप वेगासच्या आसपास मिळणं अवघड.

कड्यावर लिहिलेला हिशेब

बोटीत बसून पाण्यावर गेलात की पहिली नजर जाते ती पांढऱ्या पट्ट्याकडे. लालसर-तपकिरी कडे आणि पाण्याच्या वर, सगळ्या किनाऱ्याला वेढून बसलेला चुन्यासारखा पांढरा पट्टा. बादलीत क्षाराचं पाणी बरेच दिवस ठेवलं की आतून जशी रेघ उमटते, तसंच हे. पाणी जिथपर्यंत होतं, तिथपर्यंत खडकावर क्षार बसले. पाणी उतरलं आणि क्षार राहिले.

तलाव काठोकाठ भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फुटांवर असते. २००० च्या सुमारास तो जवळजवळ भरलेला होता. जुलै २०२२ मध्ये पातळी सुमारे १,०४० फुटांवर आली. धरण बांधून पहिल्यांदा तलाव भरला, त्यानंतर इतकं कमी पाणी कधीच नव्हतं. तलावात क्षमतेच्या जेमतेम सव्वीस-सत्तावीस टक्के पाणी उरलं होतं. २०२३ च्या हिवाळ्यात डोंगरांवर भरपूर बर्फ पडला आणि पातळी थोडी वर आली. तरीही तलाव एक तृतीयांशाच्या आसपासच भरला.

पाणी उतरलं तेव्हा खालून काय काय वर आलं, ते तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. मे २०२२ मध्ये चिखलात रुतलेलं एक पिंप सापडलं, आत माणसाचे अवशेष. कपडे आणि बुटांवरून तो खून सत्तर-ऐंशीच्या दशकातला असावा, असं पोलिसांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक लष्करी होडी उघडी पडली. जगभरच्या चॅनेलांनी यावर दिवसच्या दिवस काढले.

मला मात्र पिंपापेक्षा सेंट थॉमस जास्त लक्षात राहतं. १८६५ मध्ये वसलेलं हे छोटं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. १९३८ मध्ये शेवटचा रहिवासी होडी वल्हवत घरातून बाहेर पडला, असं सांगतात. पाणी उतरल्यावर गावाचे चौथरे, पायऱ्या, झाडांचे बुंधे पुन्हा वर आले. आता तिथे पायवाट आहे, तुम्ही त्या गावातून चालू शकता. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं आणि आपण फोटो काढायला धावतो, ते आठवून बघा. दोन्हीकडे फोटोला लाइक्स मिळतात, आणि दोन्हीकडे तो फोटो पाणी कमी असल्याचाच असतो.

हे पाणी जातं कुठे? कोलोराडोच्या पाण्यावर सात राज्यं, मेक्सिको आणि सुमारे चार कोटी माणसं अवलंबून आहेत. १९२२ मध्ये राज्यांनी करार करून नदी कागदावर वाटून घेतली. ज्या वर्षांचा प्रवाह बघून हे वाटप झालं, ती नेमकी जास्त पाण्याची वर्षं होती. थोडक्यात, नदीत असतं त्यापेक्षा जास्त पाणी वाटलं गेलं. त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातींना तर वाटपाच्या बैठकीला बोलावलंच नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारला लेक मीडसाठी इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली. सर्वांत मोठी कात्री लागली ती ॲरिझोनाच्या पाण्याला.

‘आटतंय तर तिथे मजा कशाला?’

हा प्रश्न तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. दुष्काळाच्या पाण्यावर जेट स्की उडवायची, हे चांगलं दिसतं का? प्रश्न बरोबर आहे. पण रोख चुकलाय.

बोट पाणी पीत नाही. कोलोराडोच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा शेतीला जातो, त्यातही जनावरांच्या चाऱ्याला बराच. तलावाच्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारण सहा फूट पाण्याची वाफ होऊन जाते, ती वेगळीच. आपण सगळे शिव्या घालतो त्या वेगासचं प्रकरण तर अजून गमतीचं आहे. नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला फक्त तेरा टीएमसी. खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या एकत्र साठ्याच्या निम्म्याहूनही कमी. हॉटेलच्या शॉवरमधून आणि सिंकमधून गेलेलं पाणी शुद्ध करून परत लेक मीडमध्येच सोडलं जातं. परत येत नाही ते हिरवळीवर मारलेलं पाणी. म्हणून २०२१ मध्ये नेवाडाने कायदा केला की रस्त्याच्या दुभाजकात, ऑफिसांसमोर नुसती शोभेला लावलेली हिरवळ २०२६ अखेर काढायची.

म्हणजे बोटी बंद केल्याने पाणी वाचणार नाही. उलट माणसं काठावर यायची थांबली, तर तो पांढरा पट्टा बघणार कोण? पाण्याचा हिशेब एरवी अहवालांमध्ये असतो, आणि आपण अहवाल वाचत नाही. मास कॉमला असून मीसुद्धा सांगितल्याशिवाय वाचत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात लेक मीडवरचे बहुतेक बोट रॅम्प पाण्यापर्यंत पोहोचेनासे झाले आणि बंद करावे लागले. ज्यांची बोट रॅम्पच्या कोरड्या टोकावर अडली, त्यांना दुष्काळ समजावून सांगायची गरज पडली नसेल. म्हणून म्हणते, जा. पाण्यावर एक दिवस घालवलेला माणूस त्या पाण्याबद्दल नंतर बोलतो. वीस मिनिटं थांबलेला माणूस भिंतीबद्दल बोलतो.

आता नियम

बोट भाड्याने मिळते. ग्रुपसाठी सपाट, छत असलेली पाँटून बोट सोयीची. बोटीत जितकी माणसं, तितकी लाइफ जॅकेट असलीच पाहिजेत. १३ वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घातलंच पाहिजे. मोठ्यांना घालायची सक्ती नाही, आणि घोळ तिथेच होतो. लेक मीडवर जीवरक्षक नसतात. सकाळी काचेसारखं दिसणारं पाणी दुपारी वारा सुटला की उसळायला लागतं. हवा भरलेल्या गादीवर तरंगत सेल्फी काढणारा वाऱ्याने बघता बघता आत ओढला जातो. किनारा उथळ वाटतो, पण खाली दरी आहे. दोन पावलांत तळ गायब होऊ शकतो. पातळी सतत बदलत असल्याने मागच्या वर्षी ज्या कड्यावरून कुणी सुखरूप उडी मारली, तिथे या वर्षी खडक असू शकतो. काही किनाऱ्यांवर लाइफ जॅकेट मोफत वापरायला ठेवलेली असतात. वापरा आणि परत ठेवा, एवढंच. ‘मला पोहता येतं’ हे त्याला उत्तर नाही.

हे मी एवढं ताणून लिहितेय त्याला कारण आहे. सध्या मी वृत्तपत्राच्या डेस्कवर इंटर्न आहे. पावसाळा सुरू झाला की एका प्रकारची बातमी वारंवार येते. सहलीला गेलेला ग्रुप, धरण किंवा धबधबा, एक पाय घसरतो, दुसरा वाचवायला उडी मारतो. वय १९, २०, २१. बातमी छोटी असते, बहुतेक वेळा आठ-दहा ओळींची. त्या ओळींमध्ये लाइफ जॅकेट हा शब्द मला जवळजवळ कधीच सापडत नाही. आपल्या धरणांच्या काठावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ असा गंजलेला बोर्ड असतो, आणि त्याच्याच खाली कपडे काढून ठेवलेले असतात. मनाईचा बोर्ड लावला की यंत्रणेचं काम संपतं, आणि बोर्डाकडे दुर्लक्ष केलं की आपली मर्दुमकी सिद्ध होते. जिथे लोक जाणारच आहेत, तिथे बोर्डाच्या शेजारी जॅकेटांचा एक स्टँड ठेवला तर काय बिघडेल? पवनेच्या काठावर कॅम्पिंगला जाणाऱ्या आपल्या पिढीने ही मागणी करायला हवी. ‘तरुणांना शिस्त नाही’ ही ओळ ऐकून ऐकून कंटाळा आलाय ना? मग बोटवाल्याकडे आधी जॅकेट मागा, भाव नंतर विचारा.

दुसरा नियम मासेमारीचा. लेक मीडमध्ये स्ट्राइप्ड बास, लार्जमाउथ बास, कॅटफिश असे मासे मिळतात. पण गळ टाकण्याआधी राज्याचा परवाना काढावा लागतो. नेवाडात १२ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला तो लागतो. तो ऑनलाइन मिळतो. ‘एकच मासा तर पकडायचाय’ हा युक्तिवाद चालत नाही. आणि तुम्ही पकडाल तो बास मुळात या नदीचा नाही, बाहेरून आणून सोडलेला. नदीचा स्वतःचा एक मासा आहे, रेझरबॅक सकर. पाठीवर धारदार उंचवटा असलेला. धरणांमुळे नदीचं रूप बदललं, बाहेरचे मासे आले आणि हा १९९१ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. गळाला लागलाच तर हळूच सोडवून लगेच पाण्यात सोडायचा.

तिसरा नियम सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि मला तोच सर्वांत पटतो. बोट पाण्यातून बाहेर काढली की ती स्वच्छ धुवायची, आतलं सगळं पाणी काढून टाकायचं आणि पूर्ण वाळवायची. कारण क्वागा नावाचा नखाएवढा शिंपला. मूळचा पूर्व युरोपातला. जानेवारी २००७ मध्ये तो लेक मीडमध्ये सापडला, अमेरिकेच्या पश्चिम भागात पहिल्यांदाच. तो पाइपांना, इंजिनांना, धरणाच्या यंत्रणेला थरांवर थर चिकटतो आणि एकदा आला की जात नाही. त्याची पिल्लं इतकी सूक्ष्म असतात की बोटीच्या तळाशी राहिलेल्या वाटीभर पाण्यातून दुसऱ्या तलावात पोहोचतात. तुमचा निष्काळजीपणा तुम्हाला कधी दिसणारही नाही, भोगणारं गाव वेगळंच असेल. भाड्याची बोट असेल तर हे काम मालक बघतो. पण कुणा मित्राची कयाक गाडीच्या टपावर टाकून एका तलावावरून दुसऱ्यावर निघाला असाल, तर ते काम तुमचं.

चौथा नियम उन्हाचा. जून ते ऑगस्ट पारा चाळीशीच्या वर असतो. तेव्हा तंबू म्हणजे भट्टी. काही पायवाटा तर उन्हाळ्यात चक्क बंद ठेवतात. कॅम्पिंगसाठी ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. बोल्डर बीच, कॉलव्हिल बे, एको बे अशी कॅम्पिंगची ठिकाणं आहेत. मेखा घट्ट ठोका, वाऱ्याचा भरवसा नाही. पिण्याचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या. समोर एवढं पाणी आहे आणि प्यायला बाटली शोधावी लागते, हा अनुभवही घेण्यासारखा आहे. धरणाच्या खालच्या दरीत गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे डोकं पाण्याखाली घालू नका. त्या कोमट पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा एक जीवघेणा अमीबा असू शकतो. तिथल्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

‘एवढं सगळं पाळायचं तर मजा काय राहिली?’ असं आता वाटत असेल, तर एकदा मोजून बघा. परवाना काढायला काही मिनिटं. जॅकेट घालायला एक मिनिट. बोट धुवायला अर्धा तास. उरलेला अख्खा दिवस तुमचा. याच्या बदल्यात तुम्हाला हजारो चौरस किलोमीटरचं वाळवंट मिळतं, कड्यांवरून खाली पाणी प्यायला उतरणारी रानमेंढरं मिळतात आणि बोटीचं इंजिन बंद केल्यावर ऐकू येणारी शांतता मिळते. सौदा काही वाईट नाही.

आणखी एक गोष्ट. या पाण्याचं वाटप आणि टंचाईचे नियम सध्या २००७ मध्ये ठरलेल्या चौकटीत चालतात आणि ती चौकट २०२६ अखेर संपते. पुढे कुणाला किती पाणी, यावर राज्यांमध्ये जोरात भांडणं चालू आहेत. तुम्ही तिथे शिकायला जाल तेव्हा तुमच्या नळाला येणारं पाणी कदाचित याच तलावातून किंवा याच नदीतून येत असेल. फीनिक्स, टूसॉन, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो या सगळ्यांचा कोलोराडोवर कमी-जास्त हक्क आहे. तेव्हा तुम्ही तिथे नुसते पर्यटक नसाल. भाडेकरू का होईना, वाटेकरी असाल.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर ‘हूवर डॅम, २० मिनिट्स’ असं कुणी टाकलं, तर ते खोडा आणि ‘लेक मीड, एक दिवस’ असं लिहा. निघायच्या आधी त्या दिवशीची पाण्याची पातळी बघून घ्या, ती रोज ऑनलाइन जाहीर होते. तो आकडा १,२२९ मधून वजा करा. जितके फूट येतील, तितका उंच पांढरा पट्टा तुम्हाला डोक्यावर दिसेल. फोटो त्याचाही काढा, आणि स्टोरीवर टाकताना तो आकडाही लिहा. जॅकेट अंगात असतानाच.